चोरीला गेलेले देव परत आल्यानंतर

मार्च २०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट शहरात भरलेल्या कलावस्तूंच्या प्रदर्शन-विक्रीत एक लहानशी कांस्यमूर्ती मांडलेली होती. चांदीचे जडावकाम असलेला, बाराव्या शतकातला बुद्ध. १९६१ साली नालंदा येथील पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयातून चौदा मूर्ती चोरीला गेल्या, त्यांतली ही एक. जुने फोटो डोळ्यांपुढे असलेल्या अभ्यासकांनी ती ओळखली आणि पोलिसांना कळवले. १५ ऑगस्ट २०१८ रोजी लंडनमध्ये ती भारतीय उच्चायुक्तांच्या हाती आली. जिची आशा सोडून दोन पिढ्या उलटल्या होत्या, ती मूर्ती सत्तावन्न वर्षांनी परत मिळाली.

गेल्या दहा-बारा वर्षांत अशा बातम्यांची संख्या वाढली आहे आणि त्याबरोबर चर्चेचा रोखही बदलला आहे. पूर्वी प्रश्न असायचा, गेलेली मूर्ती परत मिळेल का? आता विचारले जाते, ती परत कुणाला द्यायची, कुठे ठेवायची, आणि मधल्या काळात तिच्यावर पैसे घालणाऱ्याचे काय? कायदेपंडित, पुरातत्त्वज्ञ, पुजारी, संग्रहालयांचे क्युरेटर आणि गावकरी हे सगळे या प्रश्नावर बोलत आहेत. मात्र प्रत्येकाची भाषा वेगळी आहे. या लेखात त्या साऱ्यांचे म्हणणे एका जागी आणण्याचा प्रयत्न आहे. राजवटींच्या काळात गेलेल्या कोहिनूरसारख्या वस्तूंचा वाद मोठा आहे, पण तो वेगळा आहे. इथे मुख्यत्वे चोरीला गेलेल्या देवमूर्तींचाच विचार केला आहे.

देव नेण्याची जुनी रीत

मूर्ती उचलून नेणे हे केवळ आधुनिक बाजाराचे पाप नव्हे. मध्ययुगातले राजे जिंकलेल्या प्रदेशातले देव सन्मानाने आपल्या राजधानीत आणत आणि त्यांची तिथे प्रतिष्ठापना करत. कृष्णदेवरायाने ओरिसाच्या गजपतीकडून उदयगिरीचा किल्ला घेतला, तेव्हा तिथला बाळकृष्ण विजयनगरला आणून त्याच्यासाठी मंदिर बांधले. ती मूर्ती आज चेन्नईच्या संग्रहालयात आहे. रिचर्ड डेव्हिस यांनी १९९७ च्या ‘लाइव्ह्ज ऑफ इंडियन इमेजेस’ या ग्रंथात असे अनेक दाखले तपासले आहेत. त्यांचे प्रतिपादन असे की मूर्तीला एक चरित्र असते. ती घडवली जाते, पुजली जाते, लुटली जाते, पुरली जाते, विकली जाते आणि प्रत्येक टप्प्यावर तिचा अर्थ बदलतो. पुढच्या जवळजवळ साऱ्या चर्चेवर या ग्रंथाची छाया आहे.

मराठी माणसाला या विषयाची ओळख पंढरपुरामुळे आहे. कृष्णदेवरायाने विठ्ठलमूर्ती विजयनगरला नेली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली, अशी वारकरी परंपरेची श्रद्धा आहे. हंपीच्या विठ्ठल मंदिराच्या गाभाऱ्यात आज मूर्ती नाही, याचा संबंध पुष्कळजण या कथेशी जोडतात. पुढे अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी मूर्ती पंढरपुराबाहेर हलवली गेल्याचेही सांगितले जाते. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथात मूळ मूर्ती माढे येथे राहिली असावी असा सिद्धान्त मांडला, तेव्हा मोठी खळबळ उडाली. तो सर्वांनी मान्य केलेला नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र त्यातून एक मूलभूत शंका पुढे येते : परत आलेली मूर्ती ती तीच, हे ठरवायचे कसे? लाखो वारकऱ्यांच्या दृष्टीने त्याचे उत्तर विटेवर उभे आहे. न्यायालयाला आणि संग्रहालयाला तेवढे पुरत नाही.

कायद्याचा प्रवास थोडक्यात असा. जमिनीत सापडलेल्या धनाविषयीचा कायदा १८७८ चा. पुरावस्तूंच्या निर्यातीवर पहिले नियंत्रण १९४७ मध्ये आले. आज लागू असलेला पुरावस्तू व कलानिधी कायदा १९७२ चा असून तो १९७६ पासून अमलात आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू ही पुरावस्तू. हस्तलिखितांसाठी पंचाहत्तर वर्षे. अशा वस्तूंची खासगी निर्यात बंद आहे, आणि मूर्तींसारख्या ठरवून दिलेल्या प्रकारांची नोंदणी सक्तीची. आंतरराष्ट्रीय पातळीवर १९७० चा युनेस्को करार महत्त्वाचा; भारत त्यात १९७७ मध्ये सामील झाला. १९९५ चा युनिद्रुआ करार याहून कडक आहे, कारण त्यात चोरीची वस्तू बाळगणाऱ्याने ती परत केलीच पाहिजे असे तत्त्व आहे. त्यावर भारताने सही केलेली नाही.

दोन नटराज

परत मागण्याच्या आधुनिक इतिहासाची सुरुवात तंजावूर परिसरातल्या दोन नटराजांपासून होते. दोन्ही मूर्ती परत आल्या, मात्र एक तडजोडीतून आणि दुसरी खटला जिंकून. आजच्या वादातले बहुतेक मुद्दे याच दोन प्रकरणांत पहिल्यांदा पुढे आले, म्हणून इथे जरा थांबायला हवे.

पहिला शिवपुरमचा. १९५१ मध्ये शेतात सापडलेल्या मूर्तींत हा चोळकालीन नटराज होता. सरकारने तो गावच्या मंदिराकडे सोपवला. काही वर्षांनी डागडुजीसाठी मूर्ती कारागिराकडे गेली आणि मंदिरात परत आली ती हुबेहूब नक्कल. गाव त्या नकलेचीच पूजा करत राहिले. मूळ मूर्ती मुंबईतल्या एका संग्राहकाकडे पोहोचली होती. ब्रिटिश म्युझियमचे डग्लस बॅरेट यांनी १९६० च्या दशकात आपल्या पुस्तकात ही गोष्ट नोंदवली, तेव्हा कुठे चोरी उघड झाली. तोवर मूर्ती पुढच्या प्रवासाला लागली होती. १९७३ मध्ये अमेरिकी उद्योगपती नॉर्टन सायमन यांच्या संस्थेने ती नऊ लाख डॉलरना घेतली. भारत सरकारने दावा लावला. १९७६ मध्ये समझोता झाला : मालकी भारताची, पण मूर्ती दहा वर्षे सायमन यांच्या संग्रहालयात राहील. मुदत संपल्यावर ती परत आली. ‘मालकी एकाची, ताबा दुसऱ्याचा’ ही तोड इथे पहिल्यांदा निघाली, आणि संग्रहालये आजही दीर्घ मुदतीच्या उसनवारीचा प्रस्ताव ठेवताना तिचाच आधार घेतात.

दुसरा पत्तूरचा. १९७६ मध्ये एका मजुराच्या कुदळीला जमिनीत पुरलेल्या कांस्यमूर्ती लागल्या. हातोहात विकला जाऊन त्यातला नटराज लंडनला गेला, आणि १९८२ मध्ये बंपर डेव्हलपमेंट या कॅनडाच्या कंपनीने अडीच लाख पौंडांना घेतला. साफसफाई आणि तपासणीसाठी तो ब्रिटिश म्युझियममध्ये असताना लंडनच्या पोलिसांनी ताब्यात घेतला. मग सुरू झाला एक विलक्षण खटला. दावेदार म्हणून भारत सरकार होते, तमिळनाडू सरकार होते, आणि खुद्द मंदिरही होते. त्यातले शिवलिंगही दावेदार होते. कंपनीचा मुख्य आक्षेप असा, की पडझड झालेले, पूजाअर्चा बंद पडलेले देऊळ कोर्टात उभे कसे राहणार?

हिंदू कायद्यात देवता ही ‘कायदेशीर व्यक्ती’ आहे, हे प्रिव्ही कौन्सिलने १९२५ च्या कलकत्त्याच्या एका प्रकरणात स्पष्ट केले होते. घरातल्या सामानासारखा देव वाटेल तिथे हलवता येत नाही, त्याच्या इच्छेचा विचार झाला पाहिजे, असा त्या निकालाचा आशय होता. लंडनच्या न्यायाधीशांनी तोच धागा पुढे नेला. मूर्तीची शैली आणि धातू, तिला चिकटलेली माती, तिच्याबरोबर सापडलेल्या इतर मूर्ती या सगळ्यांचा पुरावा तपासला. देऊळ बांधणाऱ्याचा धर्मदाय हेतू आठशे वर्षांनंतरही संपलेला नाही, असे मानून मंदिराचा हक्क मान्य केला. अपील न्यायालयाने १९९१ मध्ये तो निकाल कायम ठेवला आणि मूर्ती भारतात आली.

जगभरच्या विधी महाविद्यालयांत हा खटला शिकवला जातो. त्याच्या शेवटाकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. देवाचा हक्क मान्य करून मिळवलेली मूर्ती देवळात बसली नाही. सुरक्षिततेच्या कारणावरून ती तिरुवारूरच्या मूर्ती-सुरक्षा केंद्रात, कुलूपबंद खोलीत गेली.

फोटोंनी बदललेला डाव

१९९१ नंतर बराच काळ फार काही परत आले नाही. १९७६ ते २०१३ या काळात भारताला परत मिळालेल्या पुरावस्तूंची संख्या सरकारी आकडेवारीनुसार फक्त तेरा आहे. महालेखापालांनीही २०१३ च्या अहवालात पुरातत्त्व खात्याच्या या बाबतीतल्या ढिलाईवर बोट ठेवले.

चित्र पालटले ते सुभाष कपूर प्रकरणाने. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात ‘आर्ट ऑफ द पास्ट’ हे दालन चालवणाऱ्या या विक्रेत्याला ऑक्टोबर २०११ मध्ये फ्रँकफर्ट विमानतळावर अटक झाली. २०१२ मध्ये त्याला भारताच्या ताब्यात देण्यात आले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये कुंभकोणमच्या न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा सुनावली. त्याच्याकडून ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाने २००८ मध्ये पन्नास लाख डॉलरना घेतलेला नटराज श्रीपुरंदान या अरियालूर जिल्ह्यातल्या गावचा होता. पूजा थांबलेल्या, बंद पडलेल्या देवळातून तो नेला गेला. सप्टेंबर २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान टोनी ॲबट यांनी तो दिल्लीत परत दिला. वृद्धाचलमची अर्धनारीश्वराची पाषाणमूर्तीही त्याच वेळी आली.

श्रीपुरंदानचा नटराज ओळखता आला तो पुदुच्चेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटमुळे. १९५० च्या दशकापासून या संस्थेच्या लोकांनी दक्षिणेतल्या गावोगावच्या देवळांत जाऊन मूर्तींचे फोटो काढले. त्या वेळी उद्देश निव्वळ अभ्यासाचा होता. आज लाखाहून अधिक फोटोंचा तो संग्रह हा मूर्ती परत मिळवण्याचा सर्वांत भक्कम पुरावा ठरला आहे. आनंदमंगलमच्या राजगोपालस्वामी मंदिरातले राम, लक्ष्मण आणि सीता १९७८ मध्ये चोरीला गेले. १९५८ चे फोटो होते म्हणून २०२० मध्ये लंडनहून परत आले. एस. विजयकुमार आणि अनुराग सक्सेना यांच्या ‘इंडिया प्राइड प्रोजेक्ट’मधले स्वयंसेवक अशाच जुन्या फोटोंशी लिलावाच्या कॅटलॉगमधली चित्रे ताडून पाहतात. हाताची बोटे, प्रभावळीच्या ज्वाळा, ओतकामातला एखादा खड्डा हे सारे फोटोत टिपलेले असते. मूर्तीच्या ओळखीची खूण तीच.

अमेरिकेतून येणाऱ्या मूर्तींची संख्या वाढण्यामागे दुसरे कारण आहे. मॅनहॅटनच्या जिल्हा वकील कार्यालयाने २०१७ मध्ये पुरावस्तूंच्या तस्करीसाठी खास पथक उभारले. दिवाणी दाव्यात मालकी सिद्ध करत वर्षे घालवण्यापेक्षा हे पथक चोरीचा माल बाळगल्याचा फौजदारी गुन्हा लावते. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये १५७, जुलै २०२३ मध्ये १०५ आणि सप्टेंबर २०२४ मध्ये २९७ पुरावस्तू अमेरिकेने सुपूर्द केल्या. जुलै २०२४ मध्ये दोन्ही देशांत सांस्कृतिक संपदेविषयीचा करारही झाला.

काही परतण्यांना मात्र खटला लागला नाही, पोलीस लागले नाहीत. लोखरी या बुंदेलखंडातल्या गावची वृषभमुखी योगिनी एका फ्रेंच संग्राहकाच्या पत्नीने पतीच्या निधनानंतर पॅरिसच्या भारतीय दूतावासाला आपण होऊन दिली. २०१३ मध्ये ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात पोहोचली. त्याच गावची अजमुखी योगिनी इंग्लंडमधल्या एका घराच्या बागेत सापडली आणि जानेवारी २०२२ मध्ये भारताला मिळाली. कॅनडातल्या रिजायना विद्यापीठाच्या संग्रहातली अन्नपूर्णा ही वाराणसीहून शंभर वर्षांपूर्वी चोरून आणलेली आहे, हे दिव्या मेहरा या कलावतीच्या लक्षात आले. विद्यापीठाने दावा न लढता मूर्ती दिली, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये काशी विश्वनाथाच्या आवारात तिची स्थापना झाली. ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयाने तर त्याच्याकडची तिरुमंगै आळ्वारांची मूर्ती संशयास्पद असल्याचे डिसेंबर २०१९ मध्ये भारतीय उच्चायुक्तालयाला स्वतःच कळवले. ती १९६७ च्या लिलावात घेतलेली होती. मार्च २०२४ मध्ये विद्यापीठाच्या परिषदेने ती परत करण्यास संमती दिली. बळजबरीपेक्षा ही वाट मला अधिक आशेची वाटते.

कोण काय म्हणते

पहिली भूमिका भक्तांची आणि मंदिरांची. मूर्ती ही कलावस्तू नव्हे, ती देवता आहे. तिचे घर ठरलेले आहे. परत आली तर ती तिथेच बसली पाहिजे. दक्षिणेतल्या बहुतेक कांस्यमूर्ती उत्सवमूर्ती आहेत. मुख्य देव गाभाऱ्यात राहतो आणि उत्सवमूर्ती मिरवणुकीत लोकांकडे जाते. अशी मूर्ती काचेआड ठेवली तर तिचे कामच थांबते, असे हा पक्ष सांगतो. त्याच्याकडे दाखले आहेत. तिरुनेलवेली भागातल्या कल्लिडैकुरिचीचा नटराज १९८२ मध्ये चोरीला गेला, ॲडलेडच्या संग्रहालयात सापडला आणि २०१९ मध्ये गावाने त्याचे स्वागत केले. नेपाळमधले उदाहरण तर याहून बोलके आहे. पाटणच्या पात्को टोल भागातले लक्ष्मी-नारायण १९८४ मध्ये नाहीसे झाले, अमेरिकेतल्या डॅलसच्या कलासंग्रहालयात आढळले आणि २०२१ मध्ये परत आले. त्यांना संग्रहालयातच ठेवावे असाही विचार होता. वस्तीतल्या लोकांनी आग्रह धरला, सुरक्षेची व्यवस्था उभी केली, आणि डिसेंबर २०२१ मध्ये मूर्ती मूळ देवळात बसली.

दुसरी भूमिका पुरातत्त्व खात्याची आणि संग्रहालयांची. ज्या देवळातून एकदा चोरी झाली, तिथे ना कुलूप नीट, ना राखणदार. मूर्ती पुन्हा तिथेच ठेवणे म्हणजे दुसऱ्या चोरीला निमंत्रण. शिवाय अनेक मूर्तींचे मूळ देऊळ कोणते हेच निश्चित नाही. अमेरिकेतून आलेल्या शेकडो वस्तूंत मातीची शिल्पे आहेत, भग्न पाषाण आहेत. त्या कुठल्या टेकाडातून उकरल्या हे कुणी सांगू शकत नाही. अशा वस्तूंना संग्रहालयाखेरीज जागा नाही. लोखरीची योगिनी दिल्लीला राहिली ती याच विचाराने : ओसाड टेकडीवर तिचे रक्षण कोण करणार? या युक्तिवादात तथ्य आहे, हे पहिल्या पक्षानेही मान्य करायला हवे. पण ‘तूर्त सुरक्षित ठेवू’ म्हणून बंद केलेली खोली दहा-वीस वर्षे उघडत नाही, हा अनुभवही तितकाच खरा आहे.

तिसरी भूमिका परदेशी संग्रहालयांची आणि प्रामाणिकपणे पैसे मोजून वस्तू घेणाऱ्यांची. त्यांचे म्हणणे आपल्याकडे फारसे मांडले जात नाही, म्हणून ते नीट समजून घेऊ. जुन्या वस्तूंची खरेदी जेव्हा झाली तेव्हाची रीत वेगळी होती. आजच्या मोजपट्टीने पन्नास वर्षांपूर्वीच्या व्यवहाराला गुन्हा ठरवणे अन्यायाचे आहे. शिवाय त्यांनी मूर्ती जपल्या, अभ्यासल्या, लाखो लोकांना दाखवल्या. युनेस्को करारातच सद्भावनेने घेणाऱ्याला न्याय्य भरपाई देण्याची तरतूद आहे. कायदाही देशागणिक बदलतो. इंग्लंड-अमेरिकेत चोराकडून घेणाऱ्याला मालकी मिळत नाही. युरोपातल्या काही देशांत सद्भावनेने घेणाऱ्याला मिळते. इंग्लंडमधून चोरीला गेलेल्या जपानी कलावस्तू इटलीत विकल्या जाऊन पुन्हा लंडनच्या लिलावात आल्या, तेव्हा १९८० मध्ये इंग्लंडच्याच न्यायालयाने इटलीचा कायदा लावून मूळ मालकाच्या विरोधात निकाल दिला होता. याला दुसऱ्या बाजूचे उत्तर असे : कपूरसारख्यांनी दिलेली मालकीची कागदपत्रे बनावट होती, आणि पन्नास लाख डॉलर मोजणाऱ्या संस्थेने ती तपासायला हवी होती. १९७० नंतरच्या व्यवहारांपुरते हे उत्तर मला पटते. त्याआधीच्या व्यवहारांत प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे पाहावे लागेल.

चौथा आवाज इतिहासकारांचा आणि पुरातत्त्वज्ञांचा. त्यांना मालकीपेक्षा माहितीची हानी जास्त सलते. मूर्ती कुठे होती, शेजारी काय होते, कुठला शिलालेख होता हे एकदा तुटले की मूर्ती परत येऊनही ते ज्ञान येत नाही. परत आलेल्या वस्तूंची विमानतळावर छायाचित्रे निघतात, आकडे जाहीर होतात, पण त्यांची तपशीलवार सूची, मूळ स्थानाचा शोध आणि प्रकाशन त्या गतीने होत नाही, ही त्यांची तक्रार आहे.

आपल्याकडची उदाहरणे

महाराष्ट्रातली दोन प्रकरणे या चर्चेत वेगळी भर घालतात. दिवेआगरला नोव्हेंबर १९९७ मध्ये नारळी-पोफळीच्या वाडीत तांब्याची पेटी सापडली आणि त्यात सव्वा किलोहून अधिक वजनाचा गणपतीचा सोन्याचा मुखवटा. गावच्या गणेश मंदिरात त्याची स्थापना झाली, पर्यटक येऊ लागले, गावाचे अर्थकारणच पालटले. २४ मार्च २०१२ च्या पहाटे दरोडा पडला. दोन पहारेकऱ्यांचा खून झाला. आरोपी पकडले गेले, पण तोवर मुखवटा वितळवला गेला होता. २०१७ मध्ये अलिबागच्या न्यायालयाने मुख्य आरोपींना जन्मठेप दिली. हस्तगत केलेल्या सोन्यातून नवा मुखवटा घडवण्यात आला आणि २३ नोव्हेंबर २०२१ रोजी, अंगारकीच्या दिवशी, त्याची प्रतिष्ठापना झाली. धातू तोच आहे, शिल्प नवे आहे. पुरातत्त्वज्ञ म्हणेल, जुना मुखवटा कायमचा गेला. गावकरी म्हणेल, आमचा बाप्पा घरी आला. दोघेही खरे बोलत आहेत. आणि ते दोन पहारेकरी कधीच परत येणार नाहीत, याचा उल्लेख मूर्तिचोरीवरच्या लिखाणात क्वचितच सापडतो.

दुसरे जालना जिल्ह्यातल्या जांब समर्थचे. समर्थ रामदासांच्या जन्मगावच्या मंदिरातल्या राम पंचायतनाच्या मूर्ती ऑगस्ट २०२२ मध्ये चोरीला गेल्या. लोक रस्त्यावर उतरले, विधिमंडळात प्रश्न आला आणि ऑक्टोबरमध्ये पोलिसांनी आरोपी व मूर्ती दोन्ही शोधून काढल्या. इतक्या लवकर मूर्ती मिळण्याचे भाग्य प्रत्येक गावाला लाभत नाही. गाव नावाजलेले होते, मूर्तींचे फोटो घरोघर होते आणि दबाव सतत होता, ही त्यामागची कारणे.

यांच्याबरोबर नेहमी घेतली जाणारी दोन नावे मात्र निराळ्या जातीची आहेत. साताऱ्याला जुलै २०२४ मध्ये प्रदर्शित झालेली वाघनखे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडून तीन वर्षांच्या मुदतीने आणलेली आहेत. नागपूरकर रघूजी भोसले यांची तलवार राज्य सरकारने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून विकत घेतली. त्याच वर्षी पिप्रहवा येथील प्राचीन बौद्ध रत्ने लिलावाच्या वाटेवरून थांबली आणि गोदरेज उद्योगसमूहाने ती घेतल्यावर भारतात आली. उसने आणणे, विकत आणणे आणि चोरीची वस्तू हक्काने परत घेणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आनंद तिन्हींत असू शकतो. पण पैसे देऊन आणण्याने बाजारभाव वाढतो आणि आपला दावा कमकुवत होतो, असे एक मत आहे. हातची जाऊ देण्यापेक्षा घेतलेली बरी, असे दुसरे. या मुद्द्यावर देशाचे म्हणून एक धोरण अजून ठरलेले नाही.

अजून न सुटलेले

सर्वांत मोठा अडसर नोंदींचा आहे. देशात सुमारे ५८ लाख पुरावस्तू असाव्यात असा अंदाज आहे आणि त्यांच्या नोंदीसाठी २००७ पासून राष्ट्रीय मोहीम चालू आहे. वारसाचोरीवर संसदीय समितीने २०२३ मध्ये अहवाल दिला, तेव्हा त्यांतल्या एक तृतीयांशांचीही नोंद झालेली नव्हती. ज्या मूर्तीचा फोटो नाही, वर्णन नाही, जिच्या चोरीची फिर्याद नाही, ती परदेशी न्यायालयापुढे आपली म्हणून सिद्ध करणे जवळपास अशक्य असते. तमिळनाडूच्या मूर्ती जास्त परत येतात याचे कारण तिथे चोऱ्या जास्त झाल्या एवढेच नाही. तिथे फोटो काढलेले होते.

दुसरा प्रश्न १९७२ च्या कायद्याचा. तो इतका कडक आहे की देशांतर्गत खरेदी-विक्रीही चोरवाटेने होते, म्हणून नोंदणी सोपी करून देशातला व्यापार खुला करावा, असे काही संग्राहक आणि कायदेतज्ज्ञ सांगतात. २०१७ च्या मसुदा विधेयकात त्या दिशेची पावले होती. बाजार खुला झाला की चोरीच्या मालाला वैध कागद मिळवणे सोपे होईल, अशी विरोधकांची भीती आहे. मसुदा तिथेच थांबला.

तिसरा प्रश्न फौजदारी प्रक्रियेचा, आणि तो गावकऱ्यांना सर्वांत जास्त छळतो. सापडलेली मूर्ती कायद्याच्या लेखी ‘मुद्देमाल’ असते. पंचनामा होऊन ती मुद्देमाल कक्षात जाते आणि खटला संपेपर्यंत तिथेच राहू शकते. न्यायालय सुपुर्दनाम्यावर मूर्ती मंदिराला देऊ शकते. ते अर्ज कोण करतो, किती तत्परतेने करतो यावर अवलंबून असते. मूर्तीची तपशीलवार छायाचित्रे आणि मोजमापे पुरावा म्हणून धरून मूळ मूर्ती लवकर देण्याची पद्धत सर्वत्र रूढ व्हावी, ही मागणी रास्त आहे.

चौथा प्रश्न धर्मशास्त्राचा. चोरी झाल्यावर बहुतेक गावे रिकामा गाभारा ठेवत नाहीत. नवी मूर्ती बसवतात. मग जुनी परत आली तर काय? आगमग्रंथांत शुद्धीकरणाचे आणि पुनःप्रतिष्ठेचे विधी आहेत. खंडित मूर्ती पूजेत ठेवू नये असा सर्वसाधारण दंडक आहे, पण त्यालाही अपवाद मानले जातात. दोन मूर्तींपैकी मुख्य कोणती याचे एकच एक उत्तर नाही. काही ठिकाणी जुनीला उत्सवाचा मान देतात, काही ठिकाणी ती शेजारी बसते. हा निर्णय गावावर आणि तिथल्या परंपरेवर सोपवणेच योग्य, असे माझे मत आहे. परतीच्या साऱ्या व्यवहारात ज्यांना सर्वांत शेवटी विचारले जाते, तेच खरे तर पहिले फिर्यादी असतात.

या सगळ्यातली एक गोष्ट सरकारची, न्यायालयाची वा परदेशी संग्रहालयाची वाट न पाहता करता येण्यासारखी आहे. देवस्थानांच्या विश्वस्तांनी, पुजाऱ्यांनी, शाळेतल्या शिक्षकांनी आणि गावात कॅमेऱ्याचा फोन असलेल्या प्रत्येकाने आपल्या देवळातल्या मूर्तींचे चारही बाजूंनी फोटो काढावेत. उंची-रुंदी, धातू किंवा दगड, तुटफूट आणि लेख असेल तर तो लिहून ठेवावा. वस्त्रे-अलंकार उतरवलेल्या वेळेचा एक तरी फोटो असावा, कारण लिलावात मूर्ती तशीच दिसते. त्याची एक प्रत मंदिराबाहेर, दोन-तीन जबाबदार घरांत ठेवावी आणि एक पोलीस ठाण्यात द्यावी. आणि दुर्दैवाने चोरी झालीच, तर बदनामीच्या भीतीने गप्प न बसता त्याच दिवशी लेखी फिर्याद नोंदवावी.